आमच्या साडूंचा खुबा

परमेश्वरानं बाकीच्यांना तोंड जेवायला आणि बोलायला दिलं असेल. माझ्या थोरल्या साडूंना मात्र ते निव्वळ प्रश्न विचारायला दिलेलं आहे. जेवण ही त्यांच्या लेखी दोन प्रश्नांमधली सक्तीची विश्रांती. मी बीडच्या कोर्टात लघुलेखक होतो. भल्या भल्या वकिलांच्या उलटतपासण्या उतरवून घेण्यात माझी उमर गेली, पण साडूंच्या तोडीचा वकील काही मला भेटला नाही. वकील आधी उत्तर ठरवतो आणि मग प्रश्न विचारतो. साडूंना उत्तर काय येईल याची खरोखरच कल्पना नसते, आणि ते ऐकताना त्यांचा चेहरा असा काही उजळतो की समोरचा बिचारा विचारलं नव्हतं तेही सांगून टाकतो.

माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. धारूरच्या पलीकडे, बालाघाटाच्या कडेला त्यांचं गाव आहे आणि तिथल्या दूध उत्पादक सहकारी संस्थेचे ते सेक्रेटरी आहेत. संस्था म्हणजे पत्र्याची एक खोली, एक वजनकाटा, दुधातली फॅट मोजायचं एक यंत्र आणि दाजी. ते यंत्र आलं त्या दिवशी ते बसवायला आलेल्या माणसाला दाजींनी असं काही घेरलं की तो समोर आलेला चहा तसाच टाकून निघून गेला. "दूध आत गेल्यावर त्याला कसं कळतं, ही फॅट आन् हे पाणी?" एवढंच दाजींना हवं होतं. त्याला सांगता येईना, तेव्हा त्यांनी स्वतःच शोध सुरू केला. आधी ताक घालून पाहिलं, मग चहा, मग सरपंचांच्या पोरीच्या लग्नातली उरलेली बासुंदी. बासुंदीनं यंत्राचा श्वास कोंडला, आणि पुढचे काही दिवस गावानं फॅट अंदाजानं ठरवली. त्या काळात एकही तक्रार आली नाही, हेही दाजींनी नोंद घेण्यासारखं मानलं. "माणसं यंत्रावर भांडतेत, अंदाजावर भांडत न्हाईत. कावून आसंल?" असं त्यांनी मला बीडला येऊन विचारलं होतं.

एसटीत ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसतात आणि ब्रेक दाबल्यावर सुटणारी हवा येते कुठून, याची चौकशी करतात. जनावरांचे डॉक्टर त्यांना लांबून पाहून मोटारसायकल वळवतात, कारण गाईच्या चार पोटांपैकी तिसऱ्याचं नेमकं काम काय, हा प्रश्न अजून लोंबकळत पडलेला आहे. कुणाच्या मौतीला गेले तरी त्यांना राहवत नाही. एकदा आमच्या नात्यातला एक म्हातारा वारला. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि दाजींनी त्याच्या मुलाला विचारलं, "शेवटाला तोंड उघडं होतं का मिटलेलं?" मला वाटलं, आता इथून आम्हाला हाकलणार. पण तो मुलगा दाजींकडं सरकून बसला आणि बापाची शेवटची रात्र सुरुवातीपासून सांगू लागला. सांगता सांगता पहिल्यांदा रडला. त्याला दुसऱ्या कुणी काही विचारलंच नव्हतं.

अशा माणसाच्या वाट्याला बायको आली ती अगदी कमी बोलणारी. माझ्या बायकोची ही थोरली बहीण. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. आक्का पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी जगात आली. आमच्याकडं पायाळू माणसाला मोठा मान. त्याला जमिनीखालचं पाणी कळतं म्हणतात, आणि उसण भरली तर त्याच्या पायाचा स्पर्श पाठीला करून घेतात. आक्का चालताना एका अंगाला झुकायची, पाऊल टाकलं की कंबर एका बाजूला कलायची. पायाळू माणूस असंच चालणार, असं तिच्या माहेरीही धरून चालत आणि सासरीही. दुष्काळ पडला की आक्काला उसंत नसे. आसपासच्या गावांतली माणसं मोटारसायकल घेऊन दारात यायची. आक्का मागं बसून जायची, त्यांच्या रानातून हातात काही न घेता चालायची, आणि जिथं थांबेल तिथं बोअर पाडायचं. कधी पाणी लागायचं, कधी धुरळा उडायचा. लागलं की आक्काला साडी, नाही लागलं की नशिबाला दोष.

त्या वर्षी पावसानं सगळ्यांचीच दशा केली होती. पोळ्याला बैल धुवायला पाणी नव्हतं. पुढं दिवाळी सरली, गाव उसतोडीला गेलं, आणि मागं उरली म्हातारी माणसं आणि जनावरं. दूध संस्थेनं माळावर चारा छावणी काढली. दाजी सकाळपासून तिथं. उसाच्या शेंड्यांचे, म्हणजे वाढ्याचे, ट्रक उतरवून घ्यायचे, पेंड वाटायची, भांडणं मिटवायची. याच धामधुमीत त्यांचा उजवा गुडघा दुखू लागला. आधी दुखणं चालताना यायचं, मग बसताना, मग मांडी घालता येईना. छावणीतल्या म्हाताऱ्यांनी उसण ठरवली. झालं, दाजी उंबऱ्यापाशी पालथे झोपले आणि आक्कानं त्यांच्या पाठीला पाय लावला.

"तुला पायाखाली काय जाणवलं?" दाजींनी पालथ्यानंच विचारलं.

"तुमची पाठ," आक्का म्हणाली.

गुण आला नाही. मग धारूरला गुडघ्याचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. तेल झालं, शेक झाला, एकानं गुडघ्याला पट्टा दिला. दाजींना दुखण्यापेक्षा कोडं जास्त छळत होतं. "गुडघा दुखतोय, आन् गुडघ्यात कायबी न्हाई. मंग दुखतंय ते काय?" असं ते मला फोनवर विचारत. काठी टेकत छावणीत फिरत आणि लंगडणाऱ्या प्रत्येक बैलापाशी थांबून त्याच्या मालकाला विचारत की हा नेमका कुठल्या सांध्यातून लंगडतो.

शेवटी मीच त्यांना बीडला बोलावलं. औरंगाबादचे एक खुब्याचे डॉक्टर महिन्यातून एकदा बीडला येत असत. आक्का सोबत आली. स्टँडवरून रिक्षा करून आम्ही तिघं दवाखान्यात पोचलो. आक्का बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसली आणि मी दाजींना आत नेलं. डॉक्टर चाळिशीचे, शांत. त्यांनी गुडघ्याला हातही लावला नाही. दाजींना उताणं झोपवलं, पाय दुमडला आणि मांडी हळूच आतल्या बाजूला वळवली. दाजी किंचाळले. दुसऱ्याच क्षणी कोपरांवर उठून बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो उजेड आला.

"डाक्टर, परत एकदा करा की!"

"दुखेल."

"दुखू द्या. पर तुमी फिरवलं कमरंपाशी, कळ आली गुडघ्यात. ही वाट कुठनं हाय?"

डॉक्टरांनी सांगितलं, खुब्याकडं जाणारी नस गुडघ्याकडंही जाते, म्हणून खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं आणि माणसं गुडघ्यालाच तेल चोळत बसतात. मग खुब्याचा फोटो काढला. मांडीच्या हाडाच्या टोकाला गोळा असतो आणि तो कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. दाजींचा डावा गोळा लाडवासारखा गोल होता. उजवा वरून बसला होता, कुणी अंगठ्यानं दाबावा तसा.

"कावून?"

"या गोळ्याला रक्त नेणाऱ्या नळ्या फार बारीक असतात. त्या बंद झाल्या की हाड वाळतं आणि अंगाच्या भारानं ढासळतं."

"म्हंजे पाणी आटलं," दाजी म्हणाले. "मंग टँकर न्हाई का लावता येत?"

डॉक्टर पहिल्यांदा हसले. "लवकर आला असतात तर हाडात एक बोअर मारून बघितला असता. खरंच तसं करतात. आता वेळ गेली. गोळाच बदलावा लागेल."

मग डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली. दारू? नाही. पडला होतात? नाही. कसली औषधं? दाजींनी आठवून सांगितलं, दम्यासाठी बाजारातल्या एका वैदूच्या पुड्या कित्येक वर्षं खात आलोय, जादूसारखा गुण यायचा. डॉक्टरांनी मान हलवली. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, दमा पटकन बसतो आणि खुब्याचं हाड मरतं. खात्रीनं सांगता येत नाही, पण बहुधा तेच. दुसरा कुणी वैदूला शिव्या घालत सुटला असता. दाजी म्हणाले, "घेतलं तोंडानं, दमा छातीत, आन् बिघडला खुबा! कुठून कुठं जातंय बगा, पाव्हणं!"

ऑपरेशनचं घरच्या माणसालाही समजावून सांगायचं म्हणून डॉक्टरांनी आक्काला आत बोलावलं. ती दारातून टेबलापर्यंत आली आणि डॉक्टर बोलता बोलता थांबले. ते तिच्या तोंडाकडं बघत नव्हते, चालण्याकडं बघत होते.

"यांना काय झालंय?"

"हिला कुठं काय?" दाजी म्हणाले. "ही माझी मंडळी. पायाळू हाय ही. पायाळू माणूस चालतंयच तसं."

डॉक्टरांनी आक्काला बसायला सांगितलं. त्यांनी जे सांगितलं ते मी कोर्टात असतो तर शब्दशः उतरवून घेतलं असतं. तसं ते आजही मला आठवतं. पोटात मूल खाली डोकं न करता बूड करून बसलं असेल, तर त्याच्या खुब्याचा गोळा कधीकधी वाटीत नीट बसत नाही. मुलींत हे जास्त. जन्मल्या जन्मल्या कुणी बाळाचे पाय दुमडून, फाकवून बघितले तर कळतं. नाही बघितलं तर मूल मोठं होतं, चालायला लागतं, आणि गोळा वाटीबाहेर राहूनच आयुष्य काढतं.

"तवा कळलं आसतं तर काय केलं आसतं?" हा प्रश्न आक्कानं विचारला. तिनं कुणाला प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"काही महिने पट्टा बांधला असता."

"कसला पट्टा?"

"कापडी असतो. पाय बेडकासारखे फाकलेले ठेवतो. गोळा आपोआप वाटीत रुजतो."

"एवढंच?"

"एवढंच," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "दुखतं का?"

"दुखतंय की. रोजच. सांजच्याला लई."

दाजींनी मान वळवून आक्काकडं बघितलं. लग्नाला तीस वर्षं होत आली असतील. मी खुर्चीवरून दोघांकडं बघत होतो. डॉक्टर पुढं बरंच काही सांगत होते. आक्काचंही ऑपरेशन होऊ शकतं, पण ते अवघड, गोळा वर सरकून भलत्याच जागी बसलाय, दुखणं सोसवेनासं झालं तर करू. आक्का म्हणाली, "आधी ह्यांचं हू द्या." दाजींनी त्या सगळ्यावर एकही प्रश्न विचारला नाही.

परतताना मी रिक्षात ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. ती दोघं मागं. बशीरगंजचा चौक आला. मग दाजींचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"कावून सांगितलं न्हाई?"

"तुमी ढगाचं इचारलं, म्हशीचं इचारलं, त्या यंत्राचं इचारलं. ह्याचा इषयच निघाला न्हाई."

दाजींनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"आन् मंग ते पाणी? रानात चालताना तुला काय कळायचं?"

"काय कळायचंय? चालून चालून मांडीत कळ यायची, मंग मी थांबायचे. मी थांबले की लोकं तिथं बोअर पाडायची."

रिक्षावाल्यानं आरशातून मागं बघितलं. "पाणी लागायचं का, मावशी?" त्यानं विचारलं.

"कवा लागायचं, कवा न्हाई," आक्का म्हणाली. मग ती हसू लागली. पदर तोंडाला लावून हसत राहिली, आणि दाजी मात्र रस्त्याकडं बघत होते.

दाजींचं ऑपरेशन पाऊस पडल्यावर, छावणी उठल्यावर झालं. कमरेखालचं अंग बधिर केलेलं, त्यामुळं डोकं मोकळं होतं, आणि मोकळ्या डोक्यानं दाजी काय करणार हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. पडद्याआडून ते विचारत राहिले. आता ठोकताय ते काय? हा आवाज हाडाचा का हातोड्याचा? नवा गोळा कशाचा, त्याला गंज चढतो का? भुलीच्या डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन देऊ का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मंग मला कळंल कसं?" शेवटी काढलेला गोळा एका तबकात घालून दाखवला तेव्हाच ते शांत झाले. त्याच्याकडं बघून म्हणाले, "एवढुसाच? दुखत तर नारळाएवढा होता."

ऑपरेशननंतर त्यांना मांडी घालायला, उकिडवं बसायला, खाली वाकायला बंदी झाली. गावाच्या पंगतीत सगळे खाली आणि दाजी खुर्चीवर, त्यामुळं अनोळखी वाढपी त्यांनाच यजमान समजून आधी वाढू लागले. आक्कासाठी त्यांनी अंबाजोगाईहून एका पायाची टाच जाड केलेली चप्पल करवून आणली. ती घातली की आक्काची कंबर बरीच सरळ राहायची. पण रानात ती ढेकळात रुतायची, म्हणून आक्का लग्नकार्यापुरतीच घालायची. दुखण्यावरच्या गोळ्या मात्र दाजी स्वतःच्या हातानं काढून देऊ लागले आणि रोज संध्याकाळी विचारू लागले, आज किती? कालच्यापेक्षा कमी का जास्ती? कुठल्या बाजूला? आठवडाभरात आक्का कावली. "बरं होतं, इषय निघत न्हवता ते," असं तिनं माझ्या बायकोला सांगितलं. पण सांगताना तिचा आवाज काही कावल्यासारखा नव्हता.

आणि मग दाजींना बाळं बघायचा नाद लागला. गावात कुणी बाळंत झालं की आक्काला घेऊन ते हजर. पुरुष माणूस आत कसा जाणार, म्हणून आक्का आत आणि दाजी उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून. आतून बाहेरून संवाद चाले.

"पायाळू हाय का?"

"न्हाई, सरळ हाय."

"मांडीच्या घड्या दोन्हीकडं सारख्या हायत का?"

"सारख्या हायत."

"पाय फाकतेत का बराबर?"

एका आजीनं तर त्यांना झाडूनच काढलं. "शेक्रेटरी, नात बघायला आलाव का म्हैस?"  दाजी उंबऱ्यातून आतल्या आक्काकडं बोट दाखवून म्हणाले, "हिच्या आईला कुणी इचारलं न्हाई, म्हणून मी तुमाला इचारतोय." त्यानंतर गावातल्या बायका आपणच बाळाचं दुपटं सोडून ठेवू लागल्या. कित्येक बाळं बघितली, सगळी धडधाकट. दोन-चारदा दाजींनी घाबरवून बीडला पाठवलेली बाळंही ठणठणीत निघाली आणि डॉक्टरांनी मला फोन करून, तुमच्या साडूंना जरा आवरा, असं सांगितलं.

दोनेक वर्षांनी पुन्हा पावसानं पाठ फिरवली. भादव्यात गावाबाहेरच्या वस्तीवर एका तरुण जोडप्याच्या मुलीचं जावळ काढायचं होतं. ती दोघं उसतोडीला जाणारी. ही पोर, राणी, जन्मली ती कारखान्याच्या तळावर, खोपीत, आणि पायांनी. वस्तीवर तिचं आधीच कौतुक चाललेलं: राणी पायाळू आहे, दुष्काळात उपयोगी पडेल. जावळाच्या पंगतीत दाजींनी 'पायाळू' शब्द ऐकला आणि जेवण अर्धवट टाकून उठले. आक्कानं आत जाऊन पोरीला मांडीवर घेतलं, पाय दुमडून बाहेर फाकवले. डावा गेला, उजवा मध्येच अडला. तिनं पुन्हा करून बघितलं. बाहेर दाजी विचारत होते, "घड्या सारख्या हायत का? ऐकू येतंय का?"  पोर घेऊन ती बाहेर आली आणि म्हणाली, "चला, बीडला."

डॉक्टरांनी फोटो बघितला आणि या वेळी दाजींना आवरा असं म्हणाले नाहीत. पट्ट्याची वेळ टळली होती, पण उशीर झालेला नव्हता. भूल देऊन गोळा वाटीत बसवायचा आणि छातीपासून पायापर्यंत प्लास्टर घालायचं; काही आठवड्यांनी एकदा बदलायचं; हिवाळा सरेपर्यंत पोर अशीच राहील. राणीची आई भिंतीला टेकून ऐकत होती. नवऱ्यानं मुकादमाकडून हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन ठेवलेली. दसरा झाला की ट्रॅक्टर येणार. प्लास्टरमधलं लेकरू ट्रॉलीत घालून न्यायचं कसं, उसाच्या फडात ठेवायचं कुठं, खोपीत पाणी गळलं तर काय? आणि नवरा-बायको मिळून एक कोयता; आपण मागं राहिलो तर तो अर्धाच. मुकादम ऐकणार नाही. असं एकेक ती मोजून सांगत होती. आक्का म्हणाली, "तुमी जावा. ऱ्हाऊ द्या तिला माझ्यापाशी."

ट्रॅक्टर गेला त्या दिवशी मी गावात नव्हतो. बायकोनं सांगितलं ते एवढंच, की आई ट्रॉलीतून दोनदा उतरली आणि दोनदा परत चढली.

त्या हिवाळ्यात मी दाजींच्या गावी जायची निमित्तं शोधत असे. ते घर बघण्यासारखं झालं होतं. राणी पांढऱ्या प्लास्टरमध्ये, पाय फाकलेली, एखाद्या छोट्या पैलवानासारखी. दाजींनी सुताराकडून तिच्या मापाचा उतरता पाट करवून घेतला होता आणि सकाळी तिला त्या पाटासकट दूध संस्थेत नेऊन काट्याशेजारी बसवत. दूध घालायला येणाऱ्यानं आधी राणीशी बोलायचं, मग कॅन उघडायचा. प्लास्टर भिजू द्यायचं नाही, आत काडी घालायची नाही, ताप आला किंवा पायाची बोटं सुजली तर लगेच फोन करायचा, हे सगळं दाजींना पाठ होतं. "आत खाजत आसंल तर हिनं सांगावं कसं?" हा प्रश्न मात्र त्यांना चैन पडू देईना. मग पाठीकडच्या फटीपाशी पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचे आणि राणी हसली की, म्हंजे तिथंच खाजत होतं, असं निदान करायचे. सगळा भार आक्कावर. स्वतःच्या निखळलेल्या खुब्यावर ते प्लास्टरचं ओझं घेऊन ती अंगणभर फिरे. माझी बायको रागावली, तर म्हणाली, "हिला मांडीवर घेतलं की कळ कमी वाटती." खोटं बोलत होती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी फोटो दाखवला: दोन्ही गोळे, दोन्ही वाट्या, जागच्या जागी. अजून पुष्कळ वर्षं फोटो काढून बघत राहावं लागेल, असं त्यांनी बजावलं. उन्हाळ्याच्या तोंडाला ट्रॅक्टर परतला. राणीची आई धुळीनं माखलेली तशीच दारात आली आणि हात पुढं केले, तर पोर तिला ओळखेना. आक्काच्या पदरात तोंड खुपसून रडू लागली. आईचे हात तसेच पुढं राहिले. मग आक्कानं एक एक करून पदरातली तिची बोटं सोडवली, तिला आईच्या कडेवर दिलं, आणि शेण काढायचं राहिलंय म्हणून गोठ्यात निघून गेली. म्हशी सकाळीच माळावर गेलेल्या होत्या आणि शेणही तेव्हाच निघालेलं होतं.

मिरगाच्या सुमाराला दाजींचा फोन आला: "पाव्हणं, या." कशाला, ते सांगितलं नाही. मी गेलो. दुपार कलल्यावर आम्ही तिघं वस्तीवर गेलो. राणीच्या आईनं तिला दारात उभं केलं आणि हात सोडला. पोर थोडी डगमगली, मग निघाली. लिंबाखाली तिचा बाप बसला होता, त्याच्यापर्यंत नीट चालत गेली, तिथून वळली आणि परत आली. दाजी खुर्चीच्या टोकावर बसून बघत होते. आक्का राणीच्या तोंडाकडं बघत नव्हती. तिची नजर त्या दोन पायांवर खिळलेली होती. पाऊल डावं, पाऊल उजवं, कंबर जागच्या जागी.

"कशी चालती, आक्का?" राणीच्या आईनं विचारलं.

"सरळ चालती," आक्का म्हणाली. मग हसून म्हणाली, "आता हिला कुणी लांबनं वळखायचं न्हाई."

चहा व्हायचा होता. पण धारांची वेळ झाली होती, संस्था उघडायची होती, म्हणून दाजी आणि आक्का पुढं निघाली. मी मागं थांबलो. चहाचा कप हातात घेऊन बघितलं, तेव्हा ती दोघं नांगरटीच्या पलीकडं बांधावर पोचली होती. एक आकृती काठी पुढं टाकत, नव्या खुब्यावर अजून पुरता भरवसा नसल्यासारखी. दुसरी पावलागणिक एका अंगाला झुकत. ऊन मावळतीला आलं होतं, तोंडं दिसत नव्हती, कपड्यांचे रंगही कळत नव्हते. तरी आसपासच्या कुठल्याही गावच्या कुणाही माणसानं सांगितलं असतं, तो शेक्रेटरी आणि ती आक्का. ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिलो. चहा निवून गेला.